घरी सीएनसी राउटर बांधायचाय? मग मोटर सगळ्यात शेवटी निवडा

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कटर फिरवून लाकूड कापणारं, कोरणारं मशीन. त्याबद्दलचा हा प्रश्न मिरजेच्या एका तरुण सुताराचा आहे. थोडक्यात असा: "माझं देवघरं, दरवाजे आणि एमडीएफच्या जाळीचं काम आहे. नक्षी बाहेरून करून आणतो, त्यात निम्मा नफा जातो. घरीच राउटर बांधायचा विचार आहे. टेबल ४ बाय ८ फूट, हाताशी सव्वा लाख. नेमा २३ मोटर घेऊ की ३४? कंट्रोल जीआरबीएलचा की माक ३? बॉल स्क्रू लावू की रॅक? माझा मित्र सतारी बनवतो, त्याला दांडीवरच्या नक्षीसाठी खाचा पाडून हव्या आहेत. पुढेमागे ॲल्युमिनियमही कापता आलं तर बरं. शिवाय ओळखीच्या एकाचं जुनं मशीन विकायला आहे, ते घ्यावं का?"

मी कुपवाड एमआयडीसीत जुन्या मशीनना नवे कंट्रोल बसवतो, दुरुस्त्या करतो. घरी बांधलेले राउटरही येतात. मालकाचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं: मोटर कमी पडतेय. उघडून बघितलं की मोटर ठणठणीत असते आणि सांगाडा हलत असतो. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो. मोटर आणि कंट्रोल नंतर बघू, आधी लोखंड.

मोटरचा हिशेब एकदाच करून टाकू म्हणजे डोक्यातून जाईल. बाजारात सर्रास मिळणारी नेमा २३ (नेमा हा मोटरच्या मापाचा नंबर) साधारण १९ किलो-सेंमीची, म्हणजे १.९ न्यूटन-मीटरची असते. वेगात असताना त्यातलं निम्मंच मिळेल असं धरा, एक न्यूटन-मीटर. ५ मिमी लीडच्या बॉल स्क्रूवर (एका फेरीत नट ५ मिमी पुढे सरकवणाऱ्या, गोळ्यांच्या नटाच्या स्क्रूवर), ९० टक्के कार्यक्षमता धरून, तिचा ढकलण्याचा जोर येतो ११०० न्यूटनच्या आसपास. म्हणजे एकशे दहा किलो. सागवानात ६ मिमीचा कटर नीट फीडने (पुढे सरकण्याच्या वेगाने) चालत असेल तर त्याला लागणारा बाजूचा रेटा दहा किलोच्या वर क्वचितच जातो. मोटर दहापट पुरून उरते. आता तोच दहा किलोचा रेटा तुमची गॅन्ट्री, म्हणजे टेबलावरून कटर घेऊन फिरणारी कमान, कसा सोसते ते बघा.

गॅन्ट्रीचा आडवा पट्टा एक मीटर लांब आहे, दोन्ही टोकांना टेकलेला, आणि मध्ये दहा किलोचा जोर पडतोय असं समजा. त्या जागी २० मिमीचे दोन गोल रॉड असतील, इंटरनेटवरच्या 'पंधरा हजारांत सीएनसी'छाप मशीनला असतात तसे, तर मधोमध साधारण ०.६५ मिमी वाक येतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, आणि हे फक्त रॉडचं. ४० बाय ४० बाय ३ चा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप टाकलात तर वाक ०.१ मिमीवर येतो. ८० बाय ८० बाय ४ चा टाकलात तर ०.००९. पाइपाचं वजन मीटरला साडेतीन किलोवरून साडेनऊवर जातं, म्हणजे पावणेतीन पट होतं. ताठपणा मात्र साडेअकरा पट वाढतो. बाहेरचं माप वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. भिंत जाड करून तेवढा फायदा होत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. वाक लांबीच्या घनात वाढतो. गॅन्ट्री दुप्पट लांब केली की त्याच पाइपाचा वाक आठपट. म्हणून ४ बाय ८ हे माप मला पहिल्यांदा खटकलं. सव्वा लाखात त्या मापाचं मशीन उभं राहीलही, पण त्यावर नक्षी उठावदार येणार नाही आणि मित्राच्या सतारीच्या खाचा तर विसराच.

तुम्हाला ८ फूट का हवंय? दरवाजा सात फुटी म्हणून. पण दरवाजाभर एका दमात कटर फिरवायचाच असं नाही. मशीन दोन्ही टोकांना उघडं ठेवा. गॅन्ट्रीच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आत एक मीटर मोकळी जागा ठेवा, म्हणजे तीन फुटी पल्ला (दरवाजाची फळी) आडवा बसतो. लांबीकडे प्रवास ७५० मिमी पुरे. नक्षीचा पहिला भाग झाला की पल्ला पुढे सरकवायचा आणि पुन्हा कापायचं. सरकवताना माप चुकू नये म्हणून टेबलात मशीननेच दोन भोकं पाडून घ्या. पल्ल्याच्या खालच्या अंगाला, किंवा कडेने जाणाऱ्या वाया जाणाऱ्या पट्टीला, त्याच अंतरावर भोकं पाडा आणि ८ मिमीच्या पिना घालून पुढचा टप्पा बसवा. जोड दिसत नाही. शिवाय देवघराच्या कमानी, नावाच्या पाट्या, जाळीचे तुकडे हे तुमचं रोजचं काम तर एकाच टप्प्यात बसतं.

आता पीळ. हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कटरचं टोक गॅन्ट्रीच्या पाइपाच्या खाली दीड-दोनशे मिमी लोंबत असतं. तिथे बसलेला रेटा पाइप नुसता वाकवत नाही, पिळतोही. बंद चौकोनी पाइप हा पीळ आरामात सोसतो. तेवढ्याच मापाचं उघडं चॅनल किंवा अँगल पीळ सोसायला शंभर पटींहूनही कमजोर असतं. वर्कशॉपमध्ये चॅनल पडलंय म्हणून तेच गॅन्ट्रीला वापरू नका. टेबलाच्या पायांना वापरा, तिथे चालेल. तुमच्या मापाला मी १०० बाय १०० बाय ५ चा एक पाइप घेईन, नाहीतर ८० बाय ८० चे दोन एकावर एक जोडीन, म्हणजे वरच्या-खालच्या रेलमधलं (सरकत्या भागाच्या रुळांमधलं) अंतरही वाढतं.

झेड अक्षाची, म्हणजे कटर वर-खाली करणाऱ्या भागाची, उंची लोक हौसेने वाढवतात. गॅन्ट्रीखाली २५० मिमी मोकळं, 'पुढे कधीतरी मूर्ती करू' म्हणून. त्या 'कधीतरी'ची किंमत रोजच्या प्रत्येक कामाला मोजावी लागते, कारण कटर जितका लांब लोंबतो तितका रेट्याचा हात लांब होतो. दरवाजाचं लाकूड दीड इंच, खाली बळीचा एमडीएफ (टेबल वाचवायला घातलेला, कटर लागला तरी चालणारा फळा) पाऊण इंच, वर कटरची लांबी. १०० ते ११० मिमी मोकळी जागा भरपूर झाली. दुसरं असं, कटरचं टोक बाजूच्या पट्ट्यांच्या दोन ब्लॉकच्या (रेलवर सरकणाऱ्या ठोकळ्यांच्या) मधल्या जागेत यायला हवं, ब्लॉकच्या पुढे नको. त्यासाठी उभ्या पट्ट्या थोड्या मागे झुकवतात. चित्र काढताना बाजूने बघा, स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या मोटरची) मध्यरेषा खाली आणा आणि ती दोन ब्लॉकच्या बरोबर मध्ये पडते का ते तपासा. पडत नसेल तर पट्टीचा आकार बदला. कागदावर बदलायला पैसे पडत नाहीत.

ॲल्युमिनियम एक्सट्रूजनबद्दल (खाचांच्या तयार पट्ट्यांबद्दल) विचारलं नाहीत, पण विचाराल. नटबोल्टने जुळतं, दिसायला देखणं, वेल्डिंग नको. पण ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश असतो आणि बोल्टचे सांधे थरथरीत हळूहळू सरकतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ते ठीक आहे. आपल्याकडे ते कशाला? किर्लोस्करवाडी १९१० ची. लोखंड कापणारी, जोडणारी, खरवडणारी माणसं या पट्ट्यात शंभर वर्षांपासून आहेत. त्याचा फायदा घ्या.

मात्र वेल्डिंग केलं की लोखंड ओढलं जातं. कितीही क्लॅम्प मारा, टॅक मारून आलटून पालटून जोडा, मीटरभर लांबीत अर्धा-एक मिमी कुठेतरी वर-खाली होतंच. आणि लिनिअर रेल ज्या पृष्ठावर बसते त्याचाच आकार घेते. एचजीआर २० ची चौकोनी रेल कितीही चांगली असली तरी वाकड्या पाइपावर बोल्ट आवळले की ती पाइपाइतकीच वाकडी. मग ब्लॉक एका जागी मोकळा आणि एका जागी जाम चालतो, आणि आपण मोटरला शिव्या देतो.

यावर माझं मत स्पष्ट आहे: वेल्डिंग पूर्ण झाल्यावर फ्रेम ताणमुक्तीसाठी (तापवून वेल्डिंगचा ताण घालवायला) भट्टीत देऊन आणा आणि मग प्लॅनो मिलरवर (लांब फ्रेम सपाट करणाऱ्या मोठ्या मशीनवर) रेलच्या जागांना एक कट मारून घ्या. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत हे जॉबवर्क करणारे मिळतात. दोन गोष्टी बजावून सांगा. एक, दोन्ही रेलची पृष्ठं एकाच सेटिंगमध्ये काढायची, फ्रेम उलटी-सुलटी न करता. दोन, रेलच्या भोकांच्या ओळीशेजारी दोन-तीन मिमी उंचीची कड ठेवायची, म्हणजे पहिली रेल त्या कडेला टेकवून सरळ बसते. रेलखाली वेल्ड करायच्या पट्ट्या १० किंवा १२ मिमी जाडीच्या घ्या, कट मारल्यावर आटे पडायला मांस उरलं पाहिजे.

भट्टी आणि मिलिंगचा खर्च झेपत नसेल तर इपॉक्सी ओतून सपाटी आणता येते. रेलच्या जागेभोवती पट्टीचा बांध घालायचा, दोन्ही बाजूंच्या पन्हळी एका आडव्या पन्हळीने जोडायच्या आणि पातळ, सावकाश आवळणारं इपॉक्सी ओतायचं. ते पाण्यासारखं स्वतःच एका पातळीवर येतं. जोडपन्हळ विसरलात तर दोन्ही बाजू आपापल्या परीने सपाट होतील, पण एकमेकींशी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात हे करू नका, ओतेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं. टाचणीने बुडबुडे फोडा आणि रेल बसवायची घाई करू नका.

पहिली रेल सरळ बसली की दुसरी तिच्यावरून बसवायची, टेपने मापून नाही. पहिल्या रेलच्या ब्लॉकवर एक आडवी पट्टी घट्ट करा, तिच्या टोकाला डायल गेज (सुईने बारीक सरक दाखवणारं मापयंत्र), गेजचं बोट दुसऱ्या रेलच्या कडेला. ब्लॉक सरकवत जा आणि बोल्ट एकेक करून आवळा. सुई दोन-तीन रेघांच्या आत राहिली की झालं. गोल एसबीआर रेल स्वस्त पडते आणि थोडा वाकडेपणा पोटात घालते हे खरं, पण तिचा ब्लॉक खालून उघडा असतो आणि उपटणाऱ्या रेट्याला कमी ताठ. पैसे वाचवायचेच असतील तर लांबीकडच्या अक्षाला एसबीआर लावा, गॅन्ट्रीवर आणि झेडवर चौकोनी रेलच.

आता बॉल स्क्रू की रॅक (दातेरी पट्टी). मी सुचवलेल्या मापाला बॉल स्क्रू, शंका नको. तुमच्या मूळच्या ८ फुटाला रॅकशिवाय पर्याय नव्हता, कारण लांब स्क्रू एका ठरावीक वेगाच्या वर दोरीउड्यांच्या दोरीसारखा फडफडायला लागतो. १६ मिमीचा स्क्रू, एका टोकाला पक्का धरलेला आणि दुसऱ्या टोकाला टेकवलेला, १.२ मीटर लांब असेल तर मिनिटाला तेराशे फेऱ्यांपर्यंत निर्धास्त चालतो. ५ मिमी लीडला साडेसहा मीटर वेग मिळतो, लाकडाला पुष्कळ. तोच स्क्रू अडीच मीटरचा केला तर मर्यादा तीनशे फेऱ्यांवर येते, म्हणजे मिनिटाला दीड मीटर. एवढ्या सावकाश चालीने लाकूड कापत नाही, जळतं. लांबीच्या अक्षाला दोन्ही बाजूंनी स्क्रू आणि दोन मोटर द्या. एका मधल्या स्क्रूवर मीटरभर रुंदीची गॅन्ट्री तिरकी चालते. दोन मोटर दिल्या की दोन्ही बाजूंना वेगळे होमिंग स्विच (मशीनला सुरुवातीची जागा दाखवणारे) लावा, म्हणजे रोज सकाळी मशीन स्वतःच गुण्यात (काटकोनात) येईल.

मित्राच्या खाचांसाठी बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा, प्ले) महत्त्वाचा. दांडीवरच्या नक्षीत खाच आणि तिच्यात बसणारा तुकडा यांत एक दशांश मिमीची फट राहिली तरी ती डोळ्याला दिसते, पॉलिशनंतर तर काळी रेघच. इथे नट चांगला असूनही गडबड होते ती टोकाच्या बेअरिंगमुळे. बीके १२ च्या (स्क्रूचं टोक धरणाऱ्या बैठकीच्या) पक्क्या बाजूला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी. स्वस्त सेटमध्ये तिथे साधी बॉल बेअरिंग भरलेली सापडतात, आणि स्क्रू आत-बाहेर प्ले खातो. सेट हातात आला की खोलून बघा. मशीन उभं राहिल्यावर डायल गेज लावून गॅन्ट्री हाताने पुढे-मागे ढकला, सुई ढकलल्यावर सरकून तिथेच थांबत असेल तर तो प्ले, सोडल्यावर परत येत असेल तर तो सांगाड्याचा लवचिकपणा. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. कंट्रोलमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन टाकून पहिला झाकता येतो, पण खाचेच्या वळणावर तो तरीही दात दाखवतो.

खाचेचे आतले कोपरे कटरच्या गोलाईइतके गोल राहणार हेही मित्राला सांगून ठेवा. १ मिमीच्या कटरने अर्धा मिमी गोलाई राहते. तेवढं पटाशीने काढायचं, नाहीतर तुकड्याचे कोपरेच तेवढे गोल करायचे.

आता मोटर. नेमा २३ पुरे. नेमा ३४ दिसायला दणकट, पण तिचं इंडक्टन्स (गुंडाळीत प्रवाह पटकन बदलायला होणारा विरोध) बहुधा जास्त असतं आणि त्याच व्होल्टेजवर ती वेगात लवकर दमते. त्यामुळे छोट्या मशीनवर ती उलट सावकाश चालते. एकाच टॉर्कच्या दोन मोटरींत कमी इंडक्टन्सवाली घ्या. ड्रायव्हर (मोटरला प्रवाह देणारा डबा) डीएम ५४२ चांगला. त्याची कमाल मर्यादा ५० व्होल्टची आहे, म्हणून सप्लाय ३६ चा द्या. ४८ वरही लोक चालवतात, पण गॅन्ट्री झटक्यात थांबते तेव्हा मोटर जनरेटरसारखी वागून व्होल्टेज वर फेकते. आणि चालू असताना मोटरची वायर कधीही काढायची नाही, ड्रायव्हर तत्क्षणी जातो.

कंट्रोलचं म्हणाल तर तुमच्या कामाला मी हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर सुचवेन, ए ११ प्रकारचा, लाकडाच्या राउटरवर सगळीकडे दिसतो तो. पेन ड्राइव्हवर फाइल टाकायची, बटण दाबायचं. भुशात कॉम्प्युटर नको आणि विंडोजचं अपडेट मधेच नको. जीआरबीएल (छोट्या बोर्डवर चालणारा कंट्रोलचा प्रोग्राम) शिकायला उत्तम आणि स्वस्त, पण साध्या अर्डुइनो उनो बोर्डवर तो सेकंदाला साधारण तीस हजार पल्सच (मोटरला पाऊल टाकायचे इशारे) देतो. ५ मिमी लीडवर मायक्रोस्टेप (मोटरच्या एका पावलाचे तुकडे) ८ ठेवलात तर मिमीला ३२० पल्स लागतात, म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटर मिळतात. 'जास्त मायक्रोस्टेप म्हणजे जास्त अचूक' या समजुतीने ३२ केलेत की वेग चौदाशे मिमीवर घसरतो आणि अचूकता होती तेवढीच राहते. माक ३ (कॉम्प्युटरवरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) आता नव्याने घ्यायचं कारण दिसत नाही.

स्पिंडल २.२ किलोवॅटचा, ईआर २० कॉलेटचा (कटरची दांडी पकडणाऱ्या चिमटीचा) घ्या. ईआर ११ मध्ये ७ मिमीपर्यंतचीच दांडी बसते, तुम्हाला अर्ध्या इंचाचे दरवाजाचे बिट लावायचेत. एअर कूल्ड आवाज करतो, वॉटर कूल्ड शांत पण बादली, पंप, शेवाळ सगळं सांभाळावं लागतं. सुताराच्या वर्कशॉपला एअर कूल्ड बरा. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा डबा) आला की पहिल्यांदा बेस आणि मॅक्सिमम फ्रीक्वेन्सी, दोन्ही स्पिंडलच्या पाटीवर लिहिल्याप्रमाणे ठेवा, बहुतेक ४०० हर्ट्झ. कारखान्यातून बेस ५० हर्ट्झवर आलेला असू शकतो. तसाच सुरू केलात तर पूर्ण व्होल्टेज ५० हर्ट्झलाच मिळतं, प्रवाह भडकतो आणि नवाकोरा स्पिंडल जळतो. सुतारांचा हा सगळ्यात महागडा पहिला दिवस.

फीडचा नियम सोपा: फेऱ्या गुणिले कटरच्या धारा गुणिले एका धारेने काढायचा तुकडा. एमडीएफला १८ हजार फेऱ्या, दोन धारा, ०.१ मिमी तुकडा, म्हणजे मिनिटाला ३६०० मिमी. भीतीने फीड ८०० वर ठेवलात तर धार कापायच्या ऐवजी घासते, धूर येतो, कटर निळा पडतो. मशीन ३६०० ला थरथरत असेल तर फीड कमी करण्याआधी खोली कमी करा.

नक्षीचा वेळ आत्ताच समजून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाला भलतीच तारीख द्याल. ३०० बाय ६०० मिमीचा गणपती, शेवटच्या फिनिशला ०.३ मिमीचं अंतर. म्हणजे हजार फेऱ्या, प्रत्येक ६०० मिमीची, एकूण ६०० मीटर. सरासरी अडीच हजार मिमी वेग मिळाला तर चार तास, रफिंग (आधीची ढोबळ कोरणी) वेगळं. आणि उठावात झेड सतत वर-खाली होत असतो, त्यामुळे मशीन कमाल वेग गाठतच नाही. जाहिरातीतला 'मिनिटाला दहा मीटर' इथे कामाचा नाही. वेग पटकन धरता-सोडता आला पाहिजे, त्यासाठी झेडचा सरकता भाग हलका हवा.

चार तास म्हटले की वीज जाणार हे धरूनच चला. इथे एक चूक फार जण करतात: कंट्रोलर आणि ड्रायव्हर यूपीएसवर, स्पिंडल मेनवर. वीज गेली की स्पिंडल थांबतो आणि गॅन्ट्री थांबलेला कटर लाकडात रेटत राहते. कटर तुटतो, पोझिशन जाते, देवघराची कमान वाया. त्यापेक्षा स्पिंडल आणि ड्रायव्हर एकाच कॉन्टॅक्टरवर (बटणाने चालणाऱ्या मोठ्या स्विचवर) घ्या. वीज गेली की दोन्ही एकदम पडतील आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय काही फिरणार नाही. हात टेबलावर असताना मशीन आपोआप सुरू होणं परवडत नाही. यूपीएस लावायचाच तर फक्त कंट्रोलरला, आणि कॉन्टॅक्टरच्या जादा पॉइंटवरून त्याला थांबण्याचा सिग्नल द्या, म्हणजे तो कुठल्या ओळीवर होता ते लक्षात ठेवतो. वीज आली की होमिंग करा, काही ओळी मागून सुरू करा. होमिंग स्विच चांगले असतील तर जोड दिसत नाही. म्हणूनच स्विचवर पैसे वाचवू नका.

पॅनलमध्ये व्हीएफडी ड्रायव्हरपासून लांब बसवा. स्पिंडलची केबल शील्डची, आणि लिमिट स्विचच्या वायरींपासून वेगळ्या बाजूने न्या. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, म्हणजे वायर तुटली की मशीन थांबतं. अर्थिंग खरं हवं. काहींच्या वर्कशॉपात तिसरी पिन फक्त शोभेला असते. स्पिंडल चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. व्हीएफडीने आरसीसीबी (विजेची गळती पकडणारा स्विच) पडतोय म्हणून अर्थच काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत, तसं कदापि करू नका.

पावसाळ्यात बळीचा एमडीएफ फुगतो, त्यामुळे जूनपासून दसऱ्यापर्यंत तो महिन्याला एकदा मशीननेच रंधून घ्या. रेलवर भुसा आणि दमट हवा एकत्र आली की गंज धरतो. पातळ तेलाचा हात रोज, ब्लॉकला ग्रीस ठरावीक दिवसांनी. वर्कशॉप नदीच्या अंगाला असेल तर पॅनल छातीच्या उंचीवर भिंतीला लावा आणि कनेक्टर सुटे होतील असे ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत ज्यांचं पॅनल टेबलाखाली होतं त्यांना काही उचलून न्यायला वेळच मिळाला नाही. डस्ट कलेक्टर चैनीत धरू नका. एमडीएफचा बारीक भुसा आणि त्यातली राळ छातीला वाईट, मास्क एन ९५ चाच.

ॲल्युमिनियमचं उत्तर मशीनलाच विचारा. उभं राहिलं की स्पिंडलच्या नाकाला दोरी बांधून ताणकाट्याने आडवं दहा किलो ओढा आणि टेबलावर ठेवलेल्या डायल गेजवर किती सरकतं ते बघा. ०.१ मिमीच्या आत असेल तर लाकडाला झकास. ०.०२ च्या जवळ असेल तर ॲल्युमिनियमच्या पाट्या, ब्रॅकेट निघतील: एक धारेचा ६ मिमी कटर, सोळा हजार फेऱ्या, फीड सहाशेच्या आसपास, खोली अर्धा मिमी, आणि चिप उडवायला सतत हवा. चिप खाचेत राहिली की कटरला चिकटते आणि पुढच्या क्षणी कटर गेला. ताणकाटा दोन्ही दिशांना आणि झेड पूर्ण खाली असताना लावा, वर असताना सगळीच मशीनं चांगली दिसतात.

सव्वा लाखाची माझी वाटणी सांगतो. फ्रेम, भट्टी, मिलिंग आणि रेल-स्क्रू मिळून निम्म्याहून जास्त. स्पिंडल-व्हीएफडी एक पंचमांश. मोटर, ड्रायव्हर, कंट्रोल, वायरिंग उरलेल्यात. कमी पडले तर कंट्रोल स्वस्तातला घ्या, तो दोन वर्षांनी एका दुपारी बदलता येतो. गॅन्ट्री बदलता येत नाही.

जुन्या मशीनचं म्हणाल तर किंमत ऐकायच्या आधी हे बघा. वीज बंद करून गॅन्ट्री हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागली तर मधला भाग झिजलाय, रेल-ब्लॉक बदलावे लागणार. मग वरचाच ताणकाटा लावा. स्पिंडल फुल वेगावर दहा मिनिटं चालवून पुढच्या बेअरिंगवर हात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. ६०० बाय ६०० चा चौकोन एमडीएफमध्ये कापून घ्या आणि दोन्ही कर्ण मापा. फरक एक मिमीच्या आत असेल तर होमिंग स्विच सरकवून काम भागतं. जास्त असेल तर मालकाला फ्रेम कधी आपटली होती का ते विचारा. कंट्रोलर आणि वायरिंग जळालेलं असलं तरी घाबरू नका, त्या बहाण्याने भाव पाडा. फ्रेम जाड पाइपाची आणि सरळ असेल तर असं मशीन नवं बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि कंट्रोल बसवायला इकडे कुपवाडला घेऊन या.